पायांत कुसळं : तिकोना, तुंग आणि कोरीगड, कुत्र्यांना घेऊन

कुत्र्यांना घेऊन करायच्या गडांच्या यादीतून लोहगड सगळ्यात आधी गेला. खरं तर पवन मावळात कुत्र्यांना न्यायला तोच सर्वांत सोयीचा. पायऱ्या रुंद, चढ बेताचा, गाडी थेट पायथ्यापर्यंत. पण लोहगड आणि शेजारचा विसापूर हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, आणि १९५९ च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की संरक्षित स्मारकात, देखभालीचं काम सोडून, कोणतंही जनावर आणायचं नाही. गडावरच जन्मलेल्या कुत्र्यांना आणि वानरांना हा नियम कुणी वाचून दाखवलेला नसतो, हे खरं. म्हणून आपण तिकीट देणाऱ्या माणसाशी हुज्जत घालावी असं होत नाही. त्यात जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले त्यांत लोहगडही आहे, म्हणजे आधीच्या गर्दीत आणखी भर.

मग उरले तिकोना, तुंग आणि कोरीगड. शनिवारी पहिले दोन, रात्री तुंगच्या पायथ्याशी मुक्काम, रविवारी सकाळी कोरीगड करून परत.

माणसं चार : मी, नवरा, आतेभाऊ आणि त्याची सहावीतली मुलगी. कुत्री दोन. चिंगी आमची. गावठी, चौदा किलो, कान कायम उभे, शेपटी चकलीसारखी गोल. ब्रुनो आतेभावाचा. लॅब्रॅडॉर, छत्तीस किलो, स्वभावाने गोड, अकलेने बेताचा. कुत्रं गडावर न्यायचं म्हटलं की लोक त्याची जात, चपळाई, दम वगैरे विचारतात. मी फक्त वजन विचारते. अडलं तर उचलून खाली आणता येईल का, एवढाच प्रश्न. चिंगीला मी एकटी खांद्यावर टाकते. ब्रुनोला दोन माणसं लागतात, आणि तीही मजबूत.

डिसेंबर मुद्दाम निवडला. पावसाळ्यात कातळावर शेवाळ, गवतात गोचीड, साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिस या आजाराची भीती. उन्हाळ्यात तर विचारच नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घाम म्हणून जो काही येतो तो पंज्यांच्या गाद्यांना, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. आणि सह्याद्रीचा काळा कातळ दुपारी किती तापतो हे बूट घातलेल्या माणसाला कळत नाही. तळहाताची मागची बाजू दगडावर ठेवून पाच-सात सेकंद धरवत नसेल तर कुत्र्यालाही त्यावर चालवायचं नाही, ही आमची साधी कसोटी. डिसेंबरातला शत्रू वेगळा : वाळलेल्या गवताची कुसळं. त्यांबद्दल पुढे येईलच.

शनिवार, सकाळ : तिकोना

पहाटे सव्वापाचला कोथरूड सोडलं. पिरंगुट, पौड, तिथून उजवीकडे कोळवण, हडशी करत तिकोना पेठ. कामशेतकडूनही येता येतं, पण पौडचा रस्ता पहाटे मोकळा मिळतो आणि ब्रुनोला द्रुतगती मार्गावरच्या ट्रकांचे हॉर्न सोसत नाहीत.

पेठेत गाडीतून उतरायच्या आधीच गावची कुत्री आडवी आली. ही वेळ नाजूक असते. शहरातल्या माणसाला वाटतं, आपलं कुत्रं उचलून घ्यावं किंवा गावच्या कुत्र्यांवर दगड उगारावा. दोन्हींनी प्रकरण चिघळतं. आम्ही पट्टे सैल सोडले, उभे राहिलो, समोरच्यांना लांबून वास घेऊ दिला आणि रस्ता सोडून शेताच्या बांधाकडून अर्धगोल वळसा मारला. समोरासमोर सरळ चालत येणं हा कुत्र्यांच्या दरबारात उद्धटपणा असतो. चिंगीला हे कुणी शिकवलं नाही, ती आपोआप मान वळवून बाजूने गेली. ब्रुनो मात्र सरळ जाऊन पाहुण्यासारखा हसत उभा राहिला आणि एका म्हातारीकडून नाकावर फटका खाऊन आला. रक्त नाही, फक्त अपमान.

टपरीवर चुलीशी बसलेल्या मावशींनी ब्रुनोकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्ये एवढं मोठं काय खातंय वो?"

आतेभावाने खरं ते सांगितलं. मावशींनी हिशेब केला. "म्हंजी आमच्यातलं एक माणूस जेवंल की."

यावर उत्तर नसतं. चहा घेतला आणि निघालो.

कानाचा एक लचका गेलेलं पिवळं कुत्रं न बोलावता पुढे झालं. मावळातल्या बहुतेक गडांवर असा एखादा वाटाड्या असतोच. बिस्किटाच्या आशेने येतात, हे खरं आहे, पण सगळं तेवढ्यावर नसतं. वाटेवर फाटा आला की थांबतात, मागे बघतात, माणसं मोजून पुढे जातात. त्याला आम्ही बिस्किटं दिली नाहीत. गडावरची कुत्री बिस्किटांवर पोसली गेली की खरूज, दातदुखी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीवर झडप, हे ठरलेलं. आमच्याकडे भाकरी आणि उकडलेली अंडी होती, त्यात त्याचा वाटा ठेवला.

तिकोना साडेतीन हजार फुटांच्या आसपास. चढ तासा-दीड तासाचा. पहिला टप्पा कारवीतून आणि वाळक्या गवतातून जातो, मग वेताळ दरवाजा लागतो. तिथून आत आलं की मोकळी माची आणि चपेटदान मारुती. हात उगारलेला, पायाखाली पनवती. मारुतीसमोर ब्रुनो शहाण्यासारखा बसला. भाची म्हणाली, त्याला वाटलं असेल फटका आपल्यालाच बसणार आहे. पेठेतला प्रसंग ताजा होता.

माचीवर चुन्याचा घाणा आहे. जमिनीत गोल चर आणि त्यात फिरणारं जड दगडी चाक. बैल जुंपायचे, चाक चरात फिरवत चुना मळायचा, तोच तटाच्या बांधकामात भरायचा. भाचीने ब्रुनोला चराभोवती फिरवून पाहिलं. एक फेरी झाली, दुसरीला तो चरातच आडवा झाला. याच्या भरवशावर तट बांधायला घेतला असता तर पावसाळा उजाडला असता.

पुढे कातळात कोरलेली जुनी गुहा, आत तुळजाई, समोर तळं. इथे पिवळा वाटाड्या थांबला. वरच्या बाजूला दोन काळी कुत्री उभी होती. तळ्याच्या काठावर त्यांच्यात काहीतरी ठरलं असावं, कारण पिवळा परत फिरला आणि काळ्यांपैकी एक आमच्यापुढे लागलं. गडाच्या माचीचे पहारेकरी वेगळे आणि बालेकिल्ल्याचे वेगळे. शिबंदीची ही वाटणी कुत्र्यांमध्ये अजून चालू आहे.

बालेकिल्ल्याच्या पायऱ्या म्हणजे तिकोन्याची खरी परीक्षा. कातळात खोदलेल्या, अरुंद, खड्या, काही तर गुडघ्याएवढ्या उंच. इथे कुत्र्यासोबत चढताना एक गोष्ट नीट कळते, जी एरवी धापा टाकताना निसटते. या पायऱ्या चढण्यासाठी नाहीत. या अडवण्यासाठी आहेत. कोणतीही दोन पावलं सारखी पडू नयेत, चढणाऱ्याची लय मोडावी, वर पोचेपर्यंत त्याच्या मांड्यांत ताकद उरू नये, हा हेतू. माणूस हात टेकून, दोरखंड धरून निभावून नेतो. चार पायांच्या प्राण्याला लय मोडलेली अजिबात चालत नाही. ब्रुनो पाचव्या-सहाव्या पायरीला पुढचे पाय वर ठेवून उभा राहिला आणि मागचे पाय कुठे न्यायचे ते त्याला सुचेना. आतेभावाने पाठीवरचं हार्नेसचं हँडल धरून वर खेचलं, नवऱ्याने मागून आधार दिला. गळ्यातल्या पट्ट्याने असं खेचलं असतं तर श्वास कोंडला असता. गडावर हार्नेसच हवं, पट्टा फक्त नावापुरता.

चिंगीने मात्र एकही पायरी सरळ चढली नाही. प्रत्येक पायरी कुठल्या तरी कोपऱ्यात झिजून खाली बसलेली असते, ती बरोबर तो कोपरा हेरायची. डावीकडून, मग उजवीकडून, मग पुन्हा उजवीकडून. शंभरेक वर्षांत गुराख्यांनी, पुजाऱ्यांनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी पाडलेली वाट ती. मी तिच्या मागून तिच्याच रेषेने चढले, आणि गुडघा नेहमीपेक्षा कमी बोलला.

वाटेत पाण्याचं टाकं आहे. थंडगार पाणी. दोन्ही कुत्र्यांनी माना ताणल्या, पण त्यांना वाटीतच पाणी पाजलं, आपल्या बाटलीतलं. याबाबत मी कडक आहे. गडावरच्या टाक्यात कुत्र्याने तोंड घालायचं नाही. ते पाणी कुणीतरी पितं.

वर त्र्यंबकेश्वराचं देऊळ. आम्ही पाळीपाळीने दर्शन घेतलं, एकाने कुत्री धरून बाहेर थांबायचं. मग कडेला बसून पवनेचा जलाशय. समोर तुंगचा सुळका, उजव्या हाताला लोहगड-विसापूरची जोडी. बोरघाटाकडून घाटमाथ्यावर येणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला हे चौघे उभे होते. १६५७ मध्ये हा मुलूख शिवाजीमहाराजांकडे आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हे चारही गेले. वरून पाहिलं की कळतं, मिर्झाराजांनी इथे एखाददुसरा किल्ला मागितला नाही, अख्खं खोरंच मागितलं. आज त्या खोऱ्यात पाणी भरलेलं आहे. धरण १९७० च्या दशकातलं, त्याआधी इथे नदी होती, भातखाचरं होती, गावं होती.

उतरताना घाई करायची नाही. कुत्र्याच्या वजनाचा साठ टक्के भार उभ्या-उभ्यासुद्धा पुढच्या पायांवर असतो, उतारावर तो आणखी वाढतो. खांदे भरून येतात, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी. ब्रुनोला एकेक पायरी थांबवत उतरवलं. आतेभाऊ त्याच्या खालच्या पायरीवर उलटा उभा, तोंड वर करून. दोघांचीही चालताना नजर एकमेकांवर. लग्नातसुद्धा त्याने इतकं कुणाकडे टक लावून पाहिलं नसेल, असं नवरा म्हणाला. भाचीने ते आईला सांगायचं कबूल केलं.

शनिवार, दुपार ते रात्र : तुंग

तिकोन्यावरून तुंग नाकासमोर दिसतो, पण रस्ता जलाशयाला वळसा घालून, मोरवे, चावसर करत जातो. दुपारी ऊन टाळायचं होतं म्हणून पाण्याकाठी आंब्याच्या सावलीत मुक्काम टाकला. ब्रुनोला लांब दोरी बांधून पाण्यात सोडलं. जमिनीवर बेढब असलेला हा प्राणी पाण्यात एकदम राजबिंडा होतो. काठापासून फार लांब जाऊ दिलं नाही. पवनेचा तळ चिखलाचा आहे, माणसं दरवर्षी बुडतात, आणि काठावर पाय रुतला की कुत्र्यालाही सुटायला त्रास होतो. हेच पाणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं, तेव्हा तिथल्या वाचकांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. चिंगीने पाण्याला पंजासुद्धा लावला नाही. ती सावलीत पडून दोघांवर लक्ष ठेवून होती.

साडेतीनला तुंगवाडीतून चढायला लागलो. तुंगला कठीणगड असंही म्हणतात. उंचीने तिकोन्याएवढाच, पण सरळ निमुळता सुळका. माथ्यावर फार माणसं मावणारच नाहीत. हा राहण्याचा किल्ला नव्हे, टेहळणीचा. मारुतीच्या देवळापासून वाट वर जाते आणि लवकरच एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी अशी होते. पट्टा इथे हातात गुंडाळून ठेवायचा नाही. कुत्रं घसरलं तर माणूसही ओढला जातो. आम्ही पट्टे कमरेच्या दोरीतून काढून आपल्या हातात सैल धरले, सोडायची वेळ आली तर सुटावेत असे.

अर्ध्या वाटेवर शेळ्या आल्या. वीस-पंचवीस असतील. मागे एक काका, डोक्याला मफलर, आणि त्यांचं काळं-पांढरं कुत्रं. आम्ही कातळाला चिकटून उभे राहिलो, दोन्ही कुत्री भिंतीच्या बाजूला, मध्ये माणसं. चिंगी थरथरत होती. गावठी कुत्र्यात शिकार किती वर असते हे घरात कधी कळत नाही, शेळी दिसल्यावर कळतं. काकांच्या कुत्र्याने आमच्याकडे बघितलंही नाही. कामावर असलेल्यांचा हाच रुबाब.

काकांनी विचारलं, "चावत्यात का?"

"नाही."

"मग ठेवलीत कशाला?"

आतेभाऊ काही बोलू पाहत होता, पण काकांना उत्तर नको होतं. त्यांनी मुक्काम कुठे ते विचारलं आणि जाता जाता सांगितलं, "रातचं भाईर बांधू नका. वाघ उचलंल." मावळात बिबट्याला वाघच म्हणतात. हे भीती घालायला सांगितलेलं नसतं. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांपेक्षाही जास्त. काकांनी तो अभ्यास वाचलेला नाही. त्यांनी कुत्री गमावलेली आहेत.

तुंगचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. बुरुजाच्या पोटात वळून आत शिरायचं, गोमुखी रचना. हत्तीला धडक मारायला जागा नाही, तोफेला सरळ निशाण नाही. कुत्र्यांचं मात्र उलटं झालं. आपण भिंत बघून थांबतो, ती हवेचा झोत बघून वळतात. दरवाजातून येणाऱ्या वाऱ्याचा वास चिंगीला आमच्या आधी लागला आणि ती न थबकता आत वळली.

आत गणपतीचं देऊळ आणि टाकं. इथून वर बालेकिल्ल्याची वाट आणखी खडी, मुरमाड. ब्रुनोची सफर इथे संपली. धापांचा आवाज बदलला होता, जीभ रुंद आणि गडद झाली होती. आतेभाऊ त्याला घेऊन गणपतीपाशी थांबला, पोटाला आणि जांघेला ओलं फडकं लावलं, आणि तो लगेच झोपला. मी, नवरा, भाची आणि चिंगी वर गेलो. तुंगाई देवीचं छोटं देऊळ, चार पावलांचा माथा, चारी बाजूंना हवा. सकाळी जिथे बसलो होतो तो तिकोना पाण्यापलीकडे तिरक्या उन्हात. वर पाच मिनिटंच थांबलो, कारण उतरताना उजेड हवा होता. वारा असा होता की भाचीने चिंगीच्या हार्नेसला दोन्ही हातांनी धरलं होतं, नेमकं कोण कुणाला धरून होतं सांगता येणार नाही.

मुक्काम तुंगवाडीत एका घरी. मालकिणीला फोनवरच कुत्र्यांबद्दल सांगून ठेवलं होतं. हे आधी सांगावं. दारात उभं राहून विचारलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही, आणि मग रात्रभर दोन्हीकडे अवघडलेपण. त्यांनी ओसरीला लागून असलेली खोली दिली, दाराला कडी. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. कुत्र्यांना भात आणि आमची अंडी. ठेच्याकडे ब्रुनोने आशेने पाहिलं.

जेवल्यावर खरं काम. बॅटरीच्या उजेडात कुसळं काढणं. कुसळाच्या टोकाला उलट्या दिशेचे बारीक काटे असतात, त्यामुळे ते आत जातं ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. कान, नाकपुड्या, काखा, जांघा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बोटांमधली जागा. चिंगीचे केस आखूड, तिच्यावर दहा मिनिटं. ब्रुनोच्या अंगावर तासभर. चहाचा एक कप भरेल एवढी निघाली.

यादरम्यान नवऱ्याने रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याचा विषय काढला. त्या समाधीचं स्मारक १९३६ चं, वाघ्याचा समकालीन पुरावा नाही, असं एक म्हणतो. लोकांच्या मनातलं इमान पुराव्यावर चालत नाही, असं दुसरा म्हणतो. हा वाद आमच्या घरात दर गडाला होतो आणि दर वेळी ना नवरा जिंकतो ना मी. मला वाघ्यापेक्षा आतकूरची काळी जवळची वाटते. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरला दहाव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला वीरगळ मिळाला. मनलेर नावाच्या योद्ध्याने लढाईतल्या पराक्रमाचं बक्षीस म्हणून काळी नावाचं कुत्रं मागून घेतलं. गाव नाही, सोनं नाही, कुत्रं. ते रानडुकराशी झुंजताना मेलं, डुक्करही मेलं, आणि त्याच्यासाठी दगड उभा राहिला. त्यावर कुत्रं आणि डुक्कर समोरासमोर कोरलेले आहेत, शेजारी लेख. तो दगड आता बंगळुरूच्या संग्रहालयात आहे. भाचीने विचारलं, कुत्र्यासाठी काही मंत्र वगैरे लिहिलेत का. नाही. त्याच्या नावे पूजा व्हावी म्हणून जमीन दिली, एवढं लिहिलंय. तिला ते पटलं.

रात्री बाहेर गावची कुत्री दोनदा एकदम भुंकली आणि एकदम थांबली. आमची दोघं दाराशी जाऊन उभी राहिली, पण भुंकली नाहीत.

रविवार : कोरीगड

तुंगवाडीहून घुसळखांब, तिथून आंबवण्याच्या रस्त्याने पेठ शहापूर. रविवारी कोरीगडावर गर्दी असते म्हणून सात वाजता पायथ्याला. हा गड सुमारे तीन हजार फुटांचा, वाट झाडीतून, पायऱ्या रुंद आणि सुरेख. ब्रुनोसारख्या कुत्र्याला हाच गड आधी दाखवावा. कालच्या मानाने तो इथे नाचत चढला. वाटेत गणपतीचं ठाणं आणि कातळातल्या गुहा-टाकी लागतात, मग गणेश दरवाजा.

वर आलं की तुंगच्या नेमकं उलटं. सपाट, ऐसपैस माथा, दोन मोठी तळी, आणि भोवती जवळजवळ अखंड तटबंदी, दोनेक किलोमीटर. तटावरच्या फांजीवरून, म्हणजे तटालगतच्या चालायच्या वाटेवरून, गडाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. चिंगीला फांजी फार आवडली. एका बाजूला तट, एका बाजूला उतार, मध्ये चिंचोळा सरळ मार्ग, आणि प्रत्येक बुरुजावर थांबून खाली बघायला जागा. जंग्यांना तर तिने सोडलंच नाही. जंगी म्हणजे तटात तिरकं ठेवलेलं भोक, आतून बंदूक रोखायला. माणसाला त्यातून बघायला गुडघ्यावर बसावं लागतं, चिंगीच्या डोळ्यांना ती बरोबर उंचीला येत होती. प्रत्येक जंगीत नाक, तिथल्या सरड्याची हजेरी, पुढची जंगी. आमची प्रदक्षिणा त्यामुळे दुप्पट वेळ चालली आणि मी पहिल्यांदा पाहिलं की त्यांचे उतार सारखे नाहीत. काही सरळ पायथ्याच्या वाटेवर, काही बाजूच्या खिंडीवर रोखलेल्या.

दक्षिणेला खाली अँबी व्हॅलीचे बंगले आणि धावपट्टी दिसते. त्याबद्दल काही म्हणायचं नाही. तटावरून समोर असं काहीतरी दिसतं, एवढंच.

कोराईदेवीच्या देवळापाशी लक्ष्मी तोफ आहे, गडावरच्या तोफांमधली सर्वांत मोठी. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने गडाला वेढा घातला. गड दाद देईना. १४ मार्चला बाहेरून आलेला तोफगोळा दारूकोठारावर पडला आणि कोठाराने पेट घेतला. त्यानंतर लढण्यासारखं उरलं नाही. हा इतिहास सांगत असताना ब्रुनो तोफेच्या सावलीत पडला होता, कारण माथ्यावर दुसरी सावली जवळपास नाही. साडेनऊलाच कातळ कोमट लागायला लागला होता. डिसेंबर असूनही.

तळ्यात त्याला सोडा, असा आग्रह दोन गटांनी केला, व्हिडिओ छान येईल म्हणून. सोडलं नाही. गुरं तिथे पितात, आणि भाविक पाय धुतात.

खाली उतरताना वर येणारी गर्दी सुरू झाली. इथे कुत्र्यापेक्षा माणसांचं जास्त सांभाळावं लागतं. एक लहान मुलगा चिंगीला बघून जागीच थिजला. आम्ही पायरी सोडून झाडीत गेलो, चिंगीला बसवलं, तिच्याकडे पाठ करून मी मधे उभी राहिले, आणि मुलगा आईचा ओढणीचा पदर धरून पलीकडून गेला. "आमचं काही करत नाही हो" हे वाक्य आम्ही वापरत नाही. घाबरलेल्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो. उलट एक कॉलेजचा गट ब्रुनोच्या गळ्यात पडला आणि त्याचे इतके फोटो निघाले की आतेभावाला शेवटी त्याला ओढून न्यावं लागलं. पायथ्याला गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. लोणावळ्याकडे रांग दिसत होती, म्हणून पुन्हा घुसळखांब, चावसर, पौड असा आल्या वाटेने परत. दोन्ही कुत्री हडशीच्या आधीच झोपली.

सोमवार

चिंगी नेहमीसारखी. ब्रुनो जड पायाने उठला, खांदे भरलेले, तेवढं अपेक्षित होतं. पण दुपारपासून तो पुढचा उजवा पंजा चाटायला लागला आणि थांबेना. दोन बोटांच्या मध्ये बारीक लाल फोड, त्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक. पशुवैद्यांनी भूल न देता, चिमट्याने, दोन प्रयत्नांत सव्वा सेंटिमीटरचं कुसळ बाहेर काढलं आणि कागदावर ठेवून भाचीला दाखवलं. पाच दिवस गोळ्या, पंजाला मिठाच्या कोमट पाण्याचा शेक, दहा दिवस चढ बंद. वजनकाट्यावर तो पस्तीस किलो सहाशे ग्रॅम भरला. आतेभावाने लगेच पुढच्या गडाचं विचारलं, पशुवैद्य म्हणाल्या आधी पस्तीस करा.